आतली कडी

किंकाळी ऐकू आली तेव्हा आक्काच्या एका हातात कोंबडी होती आणि दुसऱ्या हातातली सुरी मानेत अर्धी गेली होती.

असं अर्धवट सोडायचं नसतं. कापणारीचा हात थांबला की जनावराचे हाल होतात, हे सासूने तिला ओट्यावर उभं राहायच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आक्काने ते उभ्या जन्मात कधी मोडलं नव्हतं. त्या दिवशी मोडलं. कोंबडी हातातून सुटली, खाली पडली आणि गिऱ्हाइकांच्या पायांत रक्त उडवत गरगरू लागली. गिऱ्हाइकं ओरडत मागे सरली. आक्काने ओंडक्यात रुतवून ठेवलेला सत्तूर उपसला आणि ती बाजाराच्या मागच्या अंगाला धावत सुटली.

बर्फाच्या खोलीला लागून बायकांचं शौचालय होतं. अख्ख्या बाजारात बायकांसाठी एवढं एकच. त्याच्या लोखंडी दाराला पाठ लावून वॉचमन उभा होता. पाय पुढे रोवलेले, सगळा भार दारावर, आणि चक्क हसत होता. दार आणि चौकट यांच्या फटीतून बोटांची टोकं बाहेर आली होती आणि ती निळी पडली होती. आतून आता किंकाळी येत नव्हती. दुसराच काही आवाज येत होता, आणि तसा आवाज आक्काने आजवर फक्त जनावरांचा ऐकला होता.

तिने त्याचा दंड धरून ओढलं. तो हलला नाही.

"थांब गं वहिनी," तो म्हणाला. "जरा अद्दल घडू दे. हिची जीभ फार चालते."

वॉचमन म्हणजे आक्काचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो नाक पुसायच्या वयाचा होता. आक्काने सत्तूर फिरवून धरला आणि त्याचा बोथट पाठीचा भाग त्याच्या खांद्यावर घातला, सगळा जोर लावून. तो ओय ओय करत बाजूला कोसळला. दार उघडलं आणि तिच्या शेजारच्या ओट्यावरची बडबडी बाहेर आली. दोन पावलं चालली आणि खालीच बसली.

"आक्का," ती आपल्या हाताकडे बघत म्हणाली, "माझी बोटं कुठायत गं?"

एक चौकटीत अडकून राहिलं होतं. दोन कातडीला लोंबत होती. आक्काने कमरेचं फडकं सोडून हात करकचून बांधला आणि हातगाडीवाल्याला हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. शेवटी अंडीवाली ओरडली, तेव्हा हातगाडी आली.

बाजाराचे अध्यक्ष सावकाश जिना उतरून आले. त्यांनी दार बघितलं, रक्त बघितलं, खांदा चोळत बसलेला वॉचमन बघितला आणि जमलेल्यांना सांगून टाकलं, "वाऱ्याने दार आपटलं. अपघात झाला. चला, आपापल्या कामाला लागा."

वारा असा नव्हताच. छपराखाली टांगलेली साधी प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा हलत नव्हती.

*

बाजारात आक्काला मागे सगळे मुकी म्हणत. ती मुकी नव्हती. कामात बोलायची नाही, एवढंच. बाकीच्या बायका गिऱ्हाईक बोलावायला घसा फोडत. आक्का सत्तुराची पाठ ओंडक्यावर दोनदा आपटायची. ठक ठक. म्हणजे एकाचं झालं, पुढचा या. त्या आवाजाची सगळ्यांना इतकी सवय झाली होती की तो आला नाही तर शेजारचे विचारत, आज मुकी आली नाही का?

तिच्या शेजारचा ओटा कोलंबी सोलणाऱ्या बाईचा, म्हणजे बडबडीचा. एकीचं तोंड बंद होत नसे, दुसरीचं उघडत नसे. बडबडीचे हात कोलंबीवर आणि जीभ माणसांवर सारख्याच वेगाने चालायची. आक्का तिच्याकडे न बघता ऐकायची आणि एखादी गोष्ट फारच आवडली तर नाकातून हसायची. बडबडीला तेवढं पुरायचं. दोघींची मैत्री म्हणजे एवढीच, पण दोघींपैकी कोणालाही दुसरी मैत्रीण नव्हती.

मग वरून हुकूम आला की बाजाराच्या कमिटीवर ओट्यावरच्या बायकांमधली एक तरी बाई घ्या. बायकांचं म्हणणं ऐकून घ्या. अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मटणवाल्याने बडबडीचं नाव काढलं तर अध्यक्ष म्हणाले, "वेड लागलंय का? ती आपल्याला घरी जेवायलाही सोडायची नाही." आणि मग त्यांना उपाय सुचला. "मुकीला घ्या. जागाही भरेल आणि डोक्याला तापही नाही."

अशी आक्का कमिटीवर गेली. वरच्या खोलीत दाराजवळची खुर्ची तिची. त्या कमिटीची एक रीत होती. अध्यक्ष ठराव वाचायचे, मान वर करून विचारायचे, "कोणाची हरकत?" आणि कोणी खोकायच्या आत स्वतःच म्हणायचे, "नाही? मंजूर." बोलला नाही त्याचा होकार. आक्का मूग गिळून बसायची आणि तिचा होकार मोजला जायचा. घरी येऊन ती सासूच्या फोटोसमोर पाय पसरून बसायची आणि आपण तिथे कशाला जातो, याचं तिला कोडं पडायचं.

शौचालयाचं तसंच झालं. बाहेरचे लोक येऊन घाण करतात म्हणून कुलूप लावावं आणि किल्ली वॉचमनकडे ठेवावी, असा ठराव आला. कोणाची हरकत? नाही? मंजूर. एक म्हातारी आत चक्कर येऊन पडली आणि दार तोडावं लागलं म्हणून आतली कडी काढून टाकावी, असा पुढचा ठराव आला. नाही? मंजूर. कडीचा ठराव आक्काला पटला नव्हता. पण सहा पुरुष चहा पीत असताना मध्ये काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची, हेच तिला कळेना. कळेपर्यंत पुढचा ठराव सुरू झाला होता.

त्या दिवसापासून बायकांनी आपली सोय आपण केली. एकटीने जायचं नाही. जोडीने जायचं, एक आत, एक बाहेरून दार धरून उभी. "चल, दार धर," एवढं म्हटलं की दुसरी हातातलं टाकून निघायची. आणि एकटं जायची पाळी आलीच तर दार बाहेर उघडणारं असल्यामुळे, आतून त्याची कड बोटांनी धरून ओढून ठेवायची.

किल्ली मागायला गेलं की वॉचमन जुडगा कमरेला हलवत विचारायचा, "कशाला पाहिजे?" मोठ्याने, चार माणसं ऐकतील असा. तरुण पोरी लाल व्हायच्या. काही जणी सकाळपासून पाणीच पीत नसत. बोटं गेली त्या दिवशी बडबडीने आक्काला म्हटलं, "चल, दार धर." ओट्यासमोर गिऱ्हाइकांची रांग होती. आक्काने हनुवटीने रांग दाखवली. जरा थांब. बडबडीला थांबण्यासारखं नव्हतं. ती एकटीच वॉचमनकडे गेली आणि त्याने नेहमीचं विचारलं, कशाला पाहिजे?

"तुझ्या अध्यक्षांसाठी अत्तर काढायचंय," बडबडी म्हणाली. "बाटली देतोस, का तोंडच धरतोस?"

मासळीच्या ओळीपासून भाजीच्या ओळीपर्यंत लोक पोट धरून हसले. वॉचमनने किल्ली दिली. आणि तो तिच्या मागोमाग गेला.

*

सरकारी दवाखान्यात बडबडी खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. उजव्या हाताचं पांढरं बोचकं झालं होतं.

"अंगठा आणि करंगळी राहिली बघ," आक्काला बघताच ती म्हणाली. "डॉक्टरला म्हटलं, बरं झालं. ठेंगा दाखवायला अंगठा लागतो आणि शाळेतल्यासारखी वर करून परवानगी मागायला करंगळी. बाकीची मधली काय, उगाच जागा अडवून बसली होती."

आक्का हसली नाही. बडबडीचंही हसू तिथेच संपलं. तिने डाव्या हाताने डोळे पुसले.

"कोलंबी कशी सोलू गं मी आता?"

आक्का खाटेच्या कडेला बसली. बराच वेळ तिने तिची पोटरी धरून ठेवली. मग म्हणाली, "मी आले असते तर."

"तर तुझी बोटं गेली असती. गप बस." बडबडीने नाक ओढलं. "नाही, गप नको बसू. तेच तर तुझं चुकतं. अंडीवाली सांगत होती, परवा कमिटी आहे. ते आता शौचालय कायमचं बंद करणारेत. दार धोक्याचं आहे म्हणे. म्हणजे आपण मग कुठं जायचं? ट्रकच्या मागं? त्या दारुड्या हमालांच्यात?"

"ऐकलं मी."

"मग बोल ना तिथं."

"मला नाही जमत."

"भाषण कुठं सांगतेय? एकच शब्द. तो म्हणतो ना, कोणाची हरकत? तू म्हणायचं, माझी. बस. कडी आतून पाहिजे आणि किल्ली आमच्यात पाहिजे. एवढं पण तुझ्या घशातून निघणार नाही?"

आक्काने खाटेवरची चादर सारखी केली. मग मान वर करून म्हणाली, "निघेल."

*

दिवे लागायच्या वेळी दीर जेवायला आला. एकाच घरात दोन चुली, पण त्याचं ताट पहिल्यापासून आक्काच वाढायची. सासू आणि पाठोपाठ नवरा गेला तेव्हा पोर तिच्या पदरात पडलं ते पडलंच. त्याला ताप आला की रात्रभर मांडीवर घेऊन बसायची ती आक्का. कुठे टिकेना तेव्हा अध्यक्षांच्या दारात उभी राहून त्याला वॉचमनच्या कामाला लावणारीही आक्काच. त्या दिवशी ती पाच शब्द सलग बोलली होती, असं बडबडी सगळ्यांना सांगायची.

तिने त्याच्यासमोर ताट ठेवलं नाही. रिकामे हात घेऊन उभी राहिली.

"परवा कमिटीत मी बोलणार आहे," ती म्हणाली.

त्याने आधी हसून बघितलं. "काय बोलणार?"

"दार वाऱ्याने नाही आपटलं."

"वहिनी, डोकं फिरलंय का? माझी नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"मजा करत होतो मी! तिने भर बाजारात माझी अब्रू काढली, ते नाही दिसलं तुला? आणि तिनं कडेला बोटं घातली होती, हे मला काय माहीत?"

"सगळ्यांना माहीत आहे. तूच बघायचास फटीतून."

तो उठला. किल्ल्यांचा जुडगा त्याच्या मुठीतच होता. पहिला फटका गालावर बसला तेव्हा आक्काला वाटलं, आता थांबेल. दुसरा खालून हनुवटीवर आला आणि तिच्या कानाच्या खाली काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. ती भांड्यांवर पडली. तो थांबला नाही. पोटात लाथ घातली, केस धरून उचललं आणि पुन्हा खाली आपटलं. हा तोच हात, ज्याची बोटं धरून तिने त्याला रस्ता ओलांडायला शिकवलं होतं. अशा माणसाला काय म्हणावं? नुसतं नालायक म्हणून भागत नाही.

"बोल आता," तो धापा टाकत म्हणाला. "बोलून दाखव."

तो बाहेर गेला. पलीकडच्या खोलीतून त्याची बायको आली. आक्काची धाकटी जाऊ, हिचा आवाजही घरात फारसा कोणी ऐकला नव्हता. तिने आक्काचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडातलं रक्त बोटाने काढलं, तुटलेला दात बाजूला ठेवला. जुन्या चादरीची पट्टी फाडून हनुवटीखालून डोक्यावर घट्ट बांधली. आक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आक्का, एक विचारू?" जाऊ गाठ मारता मारता म्हणाली. "मधली भिंत पातळ आहे. मला मारायचा ते तुम्हाला ऐकू यायचं ना? इतकी वर्षं?"

आक्काने डोळे मिटले. मग चाचपडत जाऊचा हात धरला.

"रागावून नाही विचारत," जाऊ म्हणाली. "पण आता मध्येच थांबू नका. जा तुम्ही परवा. घरचं मी बघते."

*

कमिटीच्या दिवशी आक्का ओट्यावरून थेट वर गेली. दवाखान्यात जबडा तारांनी जखडला होता; दात एकावर एक, फट म्हणून नाही, आणि जीभ सुजलेली. नळीने पाणी पोटात जाई, बाहेर काही येत नसे. त्या सकाळीही तिने कोंबड्या कापल्या. हात शाबूत होते. कमिटीची घंटा वाजली तेव्हा तिने सत्तूर पुसला, पिशवीत टाकला आणि जिना चढली.

वरची खोली म्हणजे बाजाराच्या छपराखालचा लाकडी माळाच होता. खालचा आवाज वर आणि वरचा खाली. खिडकीतून ओटे दिसत. बडबडी आज आली होती. बोचकं गळ्यात अडकवून आपल्या रिकाम्या ओट्यावर बसली होती, आणि सगळ्या बायका वर बघत होत्या.

"अरे वा, आलात?" अध्यक्षांनी तिच्या तोंडाची पट्टी बघितली आणि पटकन दुसरीकडे बघितलं. "बरं नव्हतं तर यायचं नाही. आराम करायचा."

वॉचमन दाराशी उभा होता. कागद वाचला गेला. घडलेला दुर्दैवी अपघात लक्षात घेता बायकांच्या सुरक्षिततेसाठी त्यांचं शौचालय कायमचं बंद करावं आणि ती खोली बर्फ ठेवायला घ्यावी. मटणवाला खिडकीबाहेर बघत राहिला. भाजीच्या व्यापाऱ्याने चहाचा घोट घेतला.

"कोणाची हरकत?"

आक्का उठून उभी राहिली. तिने सगळा जीव एकवटला. तारांमागून फक्त घुसमटलेला हुंकार आला, आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळेत मिसळलेलं रक्त हनुवटीवर उतरलं. कोणीतरी फिस्कन हसलं.

"नाही?" अध्यक्ष म्हणाले. "मं..."

ठक ठक.

आक्काने सत्तुराची पाठ टेबलावर आपटली होती. कप उडाले. एक लवंडला आणि चहा कागदावर पसरला.

खाली बाजार क्षणभर गप्प झाला. मग कुठल्यातरी ओट्यावरून उत्तर आलं. ठक ठक. ते अंडीवालीचं असणार, कारण ते लाकडी खोकं आपटल्यासारखं होतं. मग मासळीच्या ओळीतून कोयते सुरू झाले. कोंबड्यांच्या ओळीतून सत्तूर. भाजीच्या बायका तराजूची पारडी आपटू लागल्या. बडबडी डाव्या हाताने पत्र्याचा डबा बडवत होती. खालची जमीन, खांब, माळा, सगळं थरथरू लागलं. अध्यक्ष काहीतरी ओरडत होते. त्यांचे ओठ हलताना दिसत होते आणि शब्द ऐकू येत नव्हते. आपण बोलतोय आणि कोणाला ऐकू जात नाही, हा अनुभव त्यांना नवा असावा.

त्यांनी वॉचमनला खूण केली. तो आला आणि त्याने आक्काचे केस धरले. डोकं खाली रेटलं, गाल टेबलावर टेकवला. मोडलेला जबडा लाकडावर दाबला गेला आणि आक्काच्या डोळ्यांपुढे अंधार आला. त्याचा दुसरा हात तोल सांभाळायला टेबलावर पसरलेला होता, तिच्या नाकासमोरच. आपली मान कशी धरली आहे, हे तिला कोणी सांगायला नको होतं. ती रोज कोंबडीची तशीच धरायची.

सत्तूर खाली आला.

तो त्याच्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या मधल्या बेचक्यात टेबलात रुतला. इतका जवळ, की कातडी चिरून रक्ताची बारीक रेघ उमटली. त्यापेक्षा जास्त काही झालं नाही. आक्काला बोट हवं असतं तर बोट आलं असतं, याबद्दल त्या खोलीत कोणाच्याही मनात शंका नव्हती. वॉचमनच्याही नव्हती. त्याची केसांवरची पकड सुटली आणि त्याची पँट पुढून ओली झाली. पाणी बुटांपर्यंत आलं. त्याला मात्र त्यासाठी कोणाकडे किल्ली मागावी लागली नाही.

आक्का सरळ झाली. तिने हात पुढे केला. त्याने कमरेचा जुडगा काढून तिच्या तळव्यावर ठेवला. त्याचे ओठ थरथरत होते, लहानपणी ताप चढला की थरथरायचे तसे. पण तिने हात मागे घेतला नाही.

तिने खिडकीतून हात हलवला. खालचा आवाज थांबला.

"आक्का," अध्यक्ष म्हणाले, "तुमचं म्हणणं तरी काय आहे?"

हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं गेलं, आणि आक्काच्या तोंडात तारा होत्या. तिने खाली, रिकाम्या ओट्याकडे बोट दाखवलं. बडबडी तोवर अर्धा जिना चढली होती.

"जी सभासद नाही तिला इथे बोलता येत नाही," अध्यक्ष म्हणाले.

"बोलू द्या हो," मटणवाला हळूच म्हणाला. "सत्तूर अजून टेबलात आहे."

बडबडी आत आली. धाप लागली होती. तिने सगळ्यांकडे एकदा बघितलं, वॉचमनच्या पँटकडे जरा जास्त वेळ बघितलं, आणि तिला त्यावर बोलायचं होतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पण ती त्यावर बोलली नाही.

"माझी तीन बोटं तुमच्या दारात राहिली," ती म्हणाली. "ती काय मी परत मागत नाही. दाराला आतून कडी पाहिजे. किल्ली बायकांच्या ओट्यावर खिळ्याला राहील, लागेल ती घेईल. कशाला पाहिजे म्हणून कोणी विचारायचं नाही. कशाला पाहिजे ते तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, तुम्ही पण तेच करता. आणि वाऱ्याने झालं असं परत म्हणायचं नाही. हेच हिला बोलायचं होतं. हिचं तोंड कोणी मोडलं ते विचारा आता, तिथं उभा आहे तो."

कोणी विचारलं नाही. सगळे टेबलाकडे बघत होते.

"आता म्हणा की," बडबडी म्हणाली. "तुमचं ते, नेहमीचं."

अध्यक्षांनी ओठांवरून जीभ फिरवली. "कोणाची हरकत?"

भाजीच्या व्यापाऱ्याने चप्पल सारखी केली. मटणवाला खिडकीबाहेर बघत राहिला. कोणी खोकलंसुद्धा नाही.

"नाही?" बडबडी म्हणाली. "मंजूर."

*

कडी बसली. वेल्डिंगवाल्याने एवढी जाड लावली की ती सरकवताना मनगट दुखायचं, पण त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही.

दिराची नोकरी गेली नाही. अशांची जात नाही. त्याला पुढच्या फाटकावर बसवलं. जाऊने एका सकाळी त्याचे कपडे बांधून उंबऱ्याबाहेर ठेवले, आणि तो आरडाओरडा करत होता तेव्हा आक्का दारात येऊन नुसती उभी राहिली. तो गेला. आता फाटकातून येता-जाता तो मान खाली घालतो आणि ती पुढे बघून चालते. जेवणाच्या वेळी एक ताट काढायला तिचा हात अजून आपोआप फळीकडे जातो.

बडबडीने डाव्या हाताने कोलंबी सोलून बघितली. सुरी सटकायची, अर्धी कोलंबी सालाबरोबर जायची, गिऱ्हाईक कंटाळून दुसरीकडे वळायचं. ती गिऱ्हाइकांना हसवून थांबवायची, पण हसून किती वेळ थांबणार? एक दिवस तिने ओटा धुतला आणि दूर कुठेतरी बहिणीकडे निघून गेली. जाताना करंगळी वर करून आक्काला म्हणाली, "जाऊन येते हं, बाई." ती परत आली नाही. तिच्या ओट्यावर आता बाजूचीच कोणीतरी टोपल्या ठेवते. तिथल्याच खिळ्याला किल्ली लटकते. आक्काच्या उजव्या बाजूला दिवसभर नुसती शांतता असते, आणि ती तिला सहन होत नाही.

जबडा जुळला, जरा वाकडा. तारा निघाल्या त्या दिवशी आक्का कामातून उठली, हात धुतले आणि तिने खिळ्यावरची किल्ली घेतली. वाटेत तिला कोणी काही विचारलं नाही. तिने दार ओढून घेतलं, कडी सरकवली आणि बसली. इतकी वर्षं ती इथे कधी स्वस्थ बसली नव्हती. दोन्ही हात मोकळे होते. ते कुठे ठेवायचे, हेच तिला क्षणभर कळेना.

चौकटीला नवा रंग दिला होता. पण दाराच्या कडेसमोर, खांद्याच्या उंचीवर, लोखंड जिथे आत वाकलं होतं तिथे रंग नीट बसला नव्हता. आक्काने त्यावर तळवा ठेवला. आणि मग ती रडली, मोठ्याने, तोंड उघडून. दुखत होतं तरी.

बाहेर कोणाच्या तरी चपला वाजल्या. दारावर थाप पडली. कोणीतरी नवीन पोरगी असावी, घाईत होती.

"कोण आहे आत?"

आक्काने गाल पुसले.

"मी आहे," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "बसलेय. थांब जरा."